वर्कशॉपच्या काकांना, चारचौघांत

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

प्रबंधात तुमचे आभार ‘कार्यशाळेतील कर्मचारी’ या एका ओळीत उरकले गेले. रीतच तशी आहे. पण माझ्या चौथ्या प्रकरणातला प्रत्येक आलेख तुमच्या हातातून गेलाय, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

“एवढंसं भोक कशाला हवंय?” असं तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, तेव्हा मी घाईत काहीतरी सांगितलं होतं. आता नीट सांगते. पेशीभोवतीचा पडदा म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर, जाडी जेमतेम 5 नॅनोमीटर. सोडियम, पोटॅशियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, त्यातून आपणहून जवळपास जातच नाहीत, त्यांना वाट लागते. खऱ्या पेशीत अशा वाटा इतक्या की कुठल्या वाटेनं कोण गेलं ते कळत नाही. म्हणून नुसता पडदाच बनवायचा आणि त्यात आपल्याला हवी ती एकच वाट सोडायची. 1962 साली फिलाडेल्फियात म्यूलर, रूडिन, टिएन आणि वेस्कॉट यांनी हे करून दाखवलं. मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या भोकावर त्यांनी मेंदूतल्या लिपिडांचं, म्हणजे त्याच स्निग्ध रेणूंचं, द्रावण ब्रशनं फासलं. मीही डेकेन या तेलकट द्रावकात विरघळवलेलं लिपिड तसंच फासते. आधी पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखे रंग दिसतात, मग थर पातळ होत जातो आणि एका क्षणी काळा पडतो. काळा पडला की समजायचं, दोन रेणूंचा पडदा तयार झाला. दोन्ही बाजूंना क्लोराइड चढवलेली चांदीची तार, मध्ये 100 मिलीव्होल्ट, आणि प्रवाह मोजत बसायचं.

सगळी गोम त्या भोकाच्या कडेत. ते भोक ज्याच्या भिंतीत असतं, त्या बाहेरून मागवायच्या कपाचं कोटेशन पाहून सर नुसते हसले होते. तुम्ही टेफ्लॉनचा दांडा लेथवर लावलात, कप कोरलात आणि भिंत एका जागी कागदाइतकी पातळ केलीत. सरळ ड्रिल घातलं तर मऊ टेफ्लॉनचे धागे कडेला लोंबतात आणि पडदा तिथेच फाटतो. तुम्ही आतून निमुळता खड्डा घेतलात, टोक आरपार जायच्या आधीच थांबलात आणि बाहेरून नव्या ब्लेडनं भिंत तासत गेलात. एकदा तासायचं, भिंगातून बघायचं, पुन्हा तासायचं. शेवटी टोक आपोआप उघडलं. पाव मिलिमीटर, कड एकदम स्वच्छ. त्या भोकावर बसलेल्या पडद्याची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, 150 ते 200 पिकोफॅरड येते आणि पडदा तासन्‌तास टिकतो. पुस्तकात आकडा याच्याच आसपास दिलाय.

दुसरी गोष्ट पिंजऱ्याची, म्हणजे बाहेरच्या विजेचा त्रास अडवायला उपकरणाभोवती ठेवलेल्या धातूच्या पेटीची. माझी वाट म्हणजे ग्रॅमिसिडिन हे प्रतिजैविक. त्याचे दोन रेणू, पडद्याच्या एकेका थरात एक, समोरासमोर जुळले की वाट उघडते, सुटले की बंद. उघडी असताना 1 मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये साधारण 2 पिकोअँपिअर प्रवाह येतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण त्याचा अर्थ एकाच वाटेतून सेकंदाला जवळपास सव्वा कोटी आयन जातात. मला मात्र ऑसिलोस्कोपवर फक्त आसपासच्या विजेच्या तारांमधून येणारी 50 हर्ट्झची जाडजूड लाट दिसायची. भर एप्रिलमध्ये पंखा बंद, ट्यूबलाइट बंद, तरी लाट हटेना. अ‍ॅम्प्लिफायरच बदलावा, असं सगळ्यांचं मत पडलं होतं.

तुम्ही अ‍ॅम्प्लिफायरकडे पाहिलंही नाहीत. पिंजऱ्याचं दार उघडून बिजागरीवर नख फिरवलंत. “रंग लावलाय याला. रंगातून करंट जातो का?” दार पिंजऱ्याला जोडलेलंच नव्हतं! पॉलिश पेपरनं रंग खरवडलात, वेणीची तार टाकलीत. मायक्रोस्कोपच्या दिव्याची अर्थिंग एका प्लगला आणि अ‍ॅम्प्लिफायरची दुसऱ्याला होती, ती सगळी ओढून तांब्याच्या एकाच पट्टीवर आणलीत. खालच्या रस्त्यावरून ट्रक गेला की पडदा थरथरायचा, त्यावर स्कूटरची ट्यूब अर्धी फुगवून वर कडप्पा ठेवलात. हजारो डॉलरच्या टेबलाचं काम कडप्प्यानं केलं, हे मी परीक्षकांनाही सांगितलं. त्यांना ते प्रबंधातल्या गणितापेक्षा जास्त आवडलं, असा माझा संशय आहे.

त्यानंतर पहिली पायरी दिसली. रेघ सरळ चालली होती, टक्कन वर गेली, थोडा वेळ तिथेच थांबली आणि तेवढीच खाली आली. एक रेणूजोडी जुळली आणि सुटली, ते आम्ही बसल्या जागी पाहिलं. तुम्हाला वर बोलावलं तर तुम्ही म्हणालात, “झालं ना? मग आता पंखा लावा.” पंखा लावला आणि लाट खरंच परतली नाही.

तुमच्या निवृत्तीनंतर वर्कशॉपला कुलूप आहे, जागा भरलेली नाही. उपकरणासाठी प्रस्ताव लिहिता येतो, बिजागरीवर नख फिरवणाऱ्या माणसासाठी कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला अजून सापडलेलं नाही. सापडलं तर मी लिहिणार आहे.

आणि एक काम आहे. तुमच्या कपावर आता दोन नवी मुलं काम करतात, त्यांना दुसरा कप हवाय. टेफ्लॉनचा दांडा आणून ठेवलाय, लेथ शेजारच्या विभागात मिळेल. एखाद्या शनिवारी काकूंना विचारून या. ब्लेड किती तिरकं धरायचं, ते फोनवर सांगून होत नाहीये.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ‘भोकवाली’