उपचारांसाठी थांबलेल्या विद्यार्थ्याचा प्रवेश रद्द करू नका

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या नोव्हेंबरात माझ्या मुलाला तीव्र नैराश्याचे निदान झाले, तेव्हा तो नाशिकमध्ये अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. डॉक्टरांनी काही महिने अभ्यास थांबवायला सांगितले. महाविद्यालयात त्यासाठी एकच कागद मिळाला, प्रवेश रद्द करण्याचा अर्ज, आणि त्यात कारणासाठी अर्धी ओळ. खिडकीवरचे लिपिक भले गृहस्थ होते. ते हळूच म्हणाले, “ताई, आजाराचं लिहू नका, ‘घरगुती कारण’ लिहा. पुढे पोराला त्रास नको.” मी तसेच लिहिले आणि त्याची सल अजून जात नाही.

उपचारांच्या बाबतीत मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवावे, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो आणि त्याचे कलम २३ रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देते. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितले. तो नेमला जाईलही. पण “थोडा थांब” असे त्याने सांगितल्यावर मुलाने थांबायचे कोणत्या नियमाने? नव्या शैक्षणिक धोरणातली बाहेर पडण्याची वाट वर्ष पूर्ण करणाऱ्यांसाठी आहे, सत्राच्या मध्यावर कोसळलेल्यांसाठी नाही.

म्हणून ‘उपचार रजा’ अशी स्वतंत्र तरतूद करावी. दोन सत्रांपर्यंत जागा राखून ठेवावी, भरलेली फी पुढच्या सत्रात धरावी, शिष्यवृत्ती तुटू देऊ नये आणि वैद्यकीय कागद एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे बंद पाकिटात राहावेत. रजा मात्र विद्यार्थ्याने मागितली तरच द्यावी. जबाबदारी नको म्हणून वसतिगृहाने मुलाला घरी धाडण्याचे ते साधन होऊ नये, कारण एकटे पाडलेल्या मुलाचा आजार वाढतो. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्या नाशिकमध्येच आहे. मसुद्यासाठी तिथल्या तज्ज्ञांची मदत घेता येईल.

मुलगा आता सावरला आहे आणि जूनमध्ये पुन्हा प्रवेश घेऊ पाहतो आहे. मधल्या खंडासाठी द्यायच्या प्रतिज्ञापत्रात कारण काय लिहू, असे त्याने काल मला विचारले. त्याला खरे कारण निर्धास्तपणे लिहिता येईल, असा आदेश जूनच्या आत काढावा, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
एक आई, नाशिक