स्मार्टबोर्ड आला, बाक मात्र जागच्या जागी

संपादक महोदय,

कॉलेजांचे वर्ग डिजिटल झाले अशा बातम्या तुमच्या पेपरात वरचेवर येतात, म्हणून लिहितोय. मी फिजिक्स शिकवतो. आमच्याकडे पण नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, टीम येणार म्हणून घाईघाईत स्मार्टबोर्ड बसला, आणि बसवला नेमका खिडकीसमोर, दुपारी ऊन थेट बोर्डावर, पडदे बजेटमध्ये नव्हते, मग काय, मी आपला मुकाट्याने खडू उचलतो.

पण ते एक वेळ चालेल, खरी अडचण बाकांची आहे. लांबलचक बाक, जमिनीला बोल्टने आवळलेले. नवीन शैक्षणिक धोरण आलं, ग्रुप वर्क करा म्हणतात, पण चार पोरं एकत्र बसवायची तर पुढच्या दोघांना बाकावर गुडघे टेकून उलटं बसावं लागतं, दहा मिनिटांत पाय आखडतात की सगळे पुन्हा सरळ. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, फुकट आहेत, मराठीतसुद्धा आहेत, पोरं मोबाइलवर मस्त करतात, पण चार्जिंगला अख्ख्या खोलीत प्लग दोनच, त्यातला एक बोर्डाने अडवलेला.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीत रॉबर्ट बाइकनर यांनी १९९० च्या दशकात फिजिक्सच्याच वर्गासाठी आधी टेबलाचा विचार केला. सात फुटी गोल टेबल, त्याला ९ जण, तिघातिघांचे गट, भिंतींवर लिहायचे फळे, आणि सर मधून फिरणार. नाव स्केल-अप. एमआयटीने पण त्याच धर्तीवर वर्ग केले, तर तिथल्या पोरांनी २००३ मध्ये विरोधात सह्या गोळा केल्या होत्या! म्हणजे नुसतं फर्निचर बदलून भागत नाही, शिकवणं पण बदलावं लागतं, हे मला मान्य आहे. पण बाकच हलत नसेल तर बदलायचं कसं?

नॅकसाठी आम्ही आयसीटीची (कॉम्प्युटर, प्रोजेक्टर वगैरे) सोय असलेल्या वर्गांची टक्केवारी भरली, बाक हलतात का असा रकाना त्यात नव्हता. एकाच वर्गातले बोल्ट काढू द्या म्हणून ऑफिसला अर्ज दिला तर उत्तर आलं, बाक डेडस्टॉकला, म्हणजे कॉलेजच्या मालमत्तेच्या नोंदवहीत, आहेत, हात लावायचा नाही. आता पुन्हा अर्ज केलाय. शिपाईमामांना विचारून ठेवलंय, त्यांच्याकडे पाना आहे.

– एक प्राध्यापक, नाशिक जिल्हा