अचानक झालेला भ्रम ‘वयामुळे’ नव्हे

वृद्धांच्या स्मृतिभ्रंशावरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. त्यात एक महत्त्वाचा भेद राहून गेला. स्मृतिभ्रंश हळूहळू वाढतो. एक-दोन दिवसांत सुरू झालेली असंबद्ध बडबड आणि भास हा बहुधा ‘डेलिरियम’, म्हणजे अचानक उद्भवणारा भ्रम असतो. त्यामागे मूत्रमार्गाचा संसर्ग, तुंबलेली लघवी, उतरलेली साखर किंवा नवी झोपेची गोळी असू शकते. उतारवयात संसर्ग असूनही अनेकदा ताप येत नाही, हे फारच फसवे. शुश्रूषा केंद्रातल्या माझ्या आईला भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, तेव्हा ‘वय झालं’ म्हणून गुंगीचे औषध दिले गेले. तिसऱ्या दिवशी रक्त तपासले, तर सोडियम ११८. किमान १३५ हवे. रक्तदाबाच्या गोळीने ते घटले होते आणि त्यातूनच भ्रम झाला होता. गोळी बदलल्यावर आठवड्याभरात आई नातवंडांना नावाने हाका मारू लागली. अशा रुग्णाचे रक्त, लघवी आणि औषधांची यादी त्याच दिवशी तपासण्याचा नियम प्रत्येक शुश्रूषा केंद्राला लागू करावा.

– एक वाचक, सांगली