काका, त्या तांब्याभर पाण्यासाठी

काका, नमस्कार. मोबाईलवरचं असलं काही तुम्ही वाचत नाही हे माहितीय, पण तुमचा मुलगा वाचून दाखवेल. फोनवर आभार मानायला गेले की माझा आवाज जातो आणि तुम्ही "असू द्या हो ताई" म्हणून डिझेलच्या भावावर येता, म्हणून हे लिहून टाकतेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. माझी आई ७१ वर्षांची, परळला राहतो आम्ही. तिने आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर भारताचा नकाशा काढायचा आणि पोरांना मुंबईपासून कन्याकुमारीपर्यंतचा किनारा बोटाने गिरवायला लावायचा हा तिचा ठरलेला तास, आणि स्वतः मात्र गोव्याच्या खाली कधी गेली नाही. कारण अगदी साधं आहे, पण घराघरात कुणी उघड बोलत नाही. रस्त्यात बाथरूम मिळत नाही. बीपीसाठी तिला पाण्याची, म्हणजे लघवी जास्त होणारी गोळी चालू आहे, त्यामुळे प्रवास म्हटलं की आदल्या रात्रीपासून पाणी बंद. मागे साताऱ्याला लग्नाला गेलो तर दिवसभरात दोन घोट प्यायली असेल, परत आल्यावर इन्फेक्शन, सलाईन, सगळं झालं. भाऊ म्हणतो विमानाने तिरुवनंतपुरमला जा. अरे पण तिला कन्याकुमारीपर्यंतचा किनारा बघायचाय, ढग नाही.

म्हणून कॅम्परव्हॅन. झोपायला बेड, छोटा ओटा, आणि मुख्य म्हणजे आत टॉयलेट. मला वाटलं पैसे भरले की झालं.

पहिल्या कंपनीने ॲडव्हान्स घेतला, फोटो पाठवले, सगळं गुलाबी. गाडी बघायला गेले तर टॉयलेट म्हणजे घडीची प्लास्टिकची खुर्ची, मध्ये भोक, खाली पिशवी, आणि पुढे पडदा, त्याच्या दोन कड्या तुटलेल्या. तिथला मुलगा म्हणतो, मॅडम हे इमर्जन्सीसाठी असतं, रोज कोण वापरतं. दुसरीकडे एक जण तर हसत म्हणाला, लेडीजना दाबून ठेवायची सवय असतेच की! हसत! मी तिथून उठून आले, दादरच्या ब्रिजवर उभी राहून रडले आणि आईला फोनवर सांगितलं की गाडी आवडली नाही. ॲडव्हान्स अजून आलेला नाही, "प्रोसेसमध्ये" आहे.

मग शेजारच्या वहिनींनी तुमचा नंबर दिला. जुन्या ट्रॅव्हलर मिनीबसची तुम्ही आणि मुलाने मिळून घरीच व्हॅन केलीय, रिटायर ड्रायव्हर आहेत, विचारून बघ म्हणाल्या. काका, तोपर्यंत मी सहा-सात जणांशी बोलले होते आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न "किती दिवस, बजेट किती". तुम्ही विचारलंत, "आईंना जिना चढताना कुठला गुडघा आधी दुखतो?" उजवा म्हटल्यावर तुम्ही म्हणालात, मग दांडी डावीकडे लावतो, पाय डावा आधी टाकू दे. मी फोन कानाला लावून नुसती उभी.

आणि तो रविवार. आमच्या गल्लीत स्कूटर सुद्धा तिरकी लावावी लागते, तिथे तुम्ही ती गाडी रिव्हर्स घेत आणलीत, वॉचमनला वाटलं कुणासाठी ॲम्ब्युलन्स आली. आई खाली आली. नंतर मला कळलं की नुसती गाडी बघायला खाली उतरायचं म्हणून सुद्धा ती सकाळपासून पाणी प्यायली नव्हती. तुम्हाला ते कसं कळलं देव जाणे. तुम्ही बेड दाखवला नाहीत, सोलर दाखवलं नाहीत, सीटखालून स्टीलचा तांब्या काढलात, फुलपात्र भरलंत आणि म्हणालात, "बाई, हे पूर्ण प्या. मग वरळीपर्यंत चक्कर मारू. लागलं तर सांगा, नाही लागलं तर नाही."

आईने माझ्याकडे बघितलं. मग प्यायली. मग अजून एक मागितलं.

वरळी सी फेसला तिने हळूच माझा हात दाबला. मी काही बोलायच्या आत तुम्ही गाडी बाजूला घेतलीत, उतरलात, रस्ता ओलांडलात आणि समुद्राकडे तोंड करून कठड्याशी उभे राहिलात. आई बाहेर आली, खिडकीत बसली, केस नीट केले, तरी तुम्ही वळला नाहीत. मी हाक मारल्यावरच आलात. आल्यावर त्या विषयावर एक शब्द नाही, म्हणालात काय, "आज पाणी चढलंय बघा." बस्स. एवढंच. पण काका, ७१ वर्षांत माझ्या आईसाठी एवढं कुणी केलं नव्हतं, आम्ही पोरांनीही नाही. मी सुद्धा तिला प्रवासात "अगं पी ना पाणी" असं ओरडतच आलेय, ते प्यायल्यावर पुढे काय करायचं याची सोय न करता.

नंतर चहा पिताना तुम्ही म्हणालात की रात्रीच्या लांबच्या गाड्या चालवताना आरशात बायका दिसायच्या, पाण्याची बाटली मांडीवर तशीच भरलेली, "मला कळायचं हो, पण वेळेला बांधलेलो होतो." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडे चांगलं माणूस म्हटलं की दानधर्म, देणगी, फोटो. आणि इथे एक माणूस तेवढी वर्षं आरशात बघून गप्प बसला आणि रिटायर झाल्यावर गाडीत आधी संडास बसवला, बेड नंतर. याला काय म्हणायचं मला कळत नाही. चांगली माणसं अशी गुपचूप असतात म्हणून आपल्याला वाटतं की ती नाहीतच, आणि मग आपण तुटक्या कड्यांच्या पडद्यावर सुद्धा "चालतंय हो" म्हणतो.

प्लॅन तर तुम्ही असा केलाय की आईने वहीत उतरवून घेतलाय, लाल पेनने. संक्रांतीच्या आसपास शबरीमलाची गर्दी असते म्हणून २० जानेवारीनंतर निघायचं. जाताना गोवा हायवे नको, त्या रस्त्याने बाई पहिल्याच दिवशी खिळखिळ्या होतील, कोल्हापूर-बेळगाव-हुबळी करून यल्लापूरच्या बाजूने अंकोल्याला उतरायचं, कोकण परत येताना. दिवसाला १५० किलोमीटर, त्याच्यावर एकही नाही, आणि दुपारी एकच्या आत गाडी सावलीत, कारण उभ्या गाडीचा पत्रा तापला की पंखा नुसता गरम हवा फिरवतो. कर्नाटकात मरवंतेला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी, मध्ये आपला रस्ता, तिथे अर्धा तास नुसतं थांबायचं. केरळात मुळप्पिलंगाडच्या बीचवर लोक थेट वाळूवर गाड्या घालतात, आपण घालायची नाही, आपली जड आहे, रुतली तर ट्रॅक्टर शोधत बसू. डिझेल माहेला, ते केरळच्या मध्येच असलं तरी पुदुच्चेरीचं, त्यामुळे स्वस्त. टॉयलेटची टाकी रोज रिकामी करायची ती पेट्रोल पंपाच्या संडासात, विचारून, उघड्यावर कधीच नाही, आणि ते काम तुमचं, आम्ही हात लावायचा नाही, यावर तुम्ही अडूनच बसलात. परमिट आणि टॅक्सचं काय ते तुम्ही निस्तरलंत, मला अजून कळलेलं नाही आणि कळून घ्यायचंही नाही.

पण त्या सगळ्यात आईला आवडलेली गोष्ट वेगळीच. तुम्ही म्हणालात, "खाली जाताना समुद्र उजवीकडे. सकाळचं ऊन डावीकडून येतं, म्हणजे सकाळी बाईंनी उजव्या खिडकीत बसायचं, समुद्र पण आणि सावली पण." ती चाट पडली. म्हणाली, इतकी वर्षं दिशा शिकवल्या पण हे माझ्या लक्षात आलं नसतं. तेव्हापासून तुमचं नाव घरात "भूगोलवाले काका".

एक सांगू का, काल तिच्याबरोबर बँकेत गेले होते, ही लांब लाईन. तिने पर्समधून बाटली काढली आणि प्यायली. आणि मग शांतपणे काउंटरवर जाऊन विचारलं, "बाथरूम कुठे आहे?" माझ्या आईने. भर बँकेत.

बरं, आई विचारतेय पहिल्या दिवशी डब्याला मेथीचे पराठे चालतील का, की तुम्हाला भाकरीच लागते. आणि तांब्या तुमचाच आणा, आमच्याकडचा नको म्हणतेय. मला नका सांगू, तिलाच फोन करा, दुपारी तीननंतर, ती वाट बघतेय.