खडकीतल्या भगिनींनो, आभार

जय ख्रिस्त! लग्न मोडून मी माहेरी खडकीला परतले, तेव्हा देवळात, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, शेवटच्या बाकावर बसायचे आणि आशीर्वादाआधीच निघायचे. कुणी काही विचारेल याची धास्ती. तुम्ही विचारलं नाहीत. गीतपुस्तकात गाण्याचा नंबर काढून पुस्तक हातात दिलंत आणि “बुधवारी प्रार्थनेला ये गं” म्हणालात.

त्या बुधवारांनी मला सावरलं. तुमच्यातल्या आजींनी बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा तिसरा अध्याय माझ्यासोबत बोट ठेवून, ओळ न ओळ वाचला. मागचं विसरून पुढे धावतो म्हणणारा, ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तेव्हा बंदिवासात होता, हे त्यांनीच दाखवलं. बेड्यांतूनही पुढे बघता येतं, हे तिथे मनाला भिडलं.

मग केडगावला पंडिता रमाबाईंनी निराधार बायकांसाठी उभारलेलं मुक्ती मिशन दाखवायला नेलंत. रमाबाई १८८२ मध्ये विधवा झाल्या, पदरी तान्ही लेक मनोरमा; आणि पुढे या बाईने किती जणींना आसरा दिला! (परतताना लोकलमध्ये खूप रडले, तेही तुम्ही सांभाळून घेतलंत.)

आता मी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या बायबल शिकवणाऱ्या शाळेत, लहानांचा वर्ग घेते. नावं लिहू नकोस असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. प्रभू तुमचं भलं करो. या बुधवारी चहाचं दूध मी आणते.