आरोग्यमंत्री साहेब, आम्हाला विचार करायला तरी एक खोली द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

जुलै २०२५

साहेब, नमस्कार.

अशी पत्रं तुमच्याकडे ढिगाने येत असतील म्हणून थेट मुद्द्यावर येतो. मी ट्रान्समॅन आहे, म्हणजे जन्मल्यावर मुलगी समजून नाव ठेवलं, तसंच वाढवलं, पण मी पुरुष आहे. मूळचा मराठवाड्यातला, सध्या नोकरीसाठी पुण्यात. मी तुमच्याकडे सर्जरी मागायला आलो नाहीये (ती पण लागेल, पण ते पुढचं पुढे). मी मागतोय ते त्याच्या खूप आधीचं आहे. ट्रान्झिशन (म्हणजे आपल्या जेंडरप्रमाणे शरीर, नाव, राहणं बदलणं) करावं का, कितपत करावं, की नकोच, हे ठरत नसतं त्या काळात माणसाला सरकारी दवाखान्यात बसून बोलायला एक जागा पाहिजे, आणि ती आज नाहीये. जे काय आहे ते ज्यांचं आधीच ठरलंय त्यांच्यासाठी, ते पण बरंचसं कागदावर.

जिल्ह्याच्या दवाखान्यात केसपेपर काढायला दोन रांगा असतात, बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. तुम्ही दौऱ्यावर बघितल्या असतील, अर्थात तुम्ही येणार म्हटल्यावर त्या दिवशी रांगच नसते ती गोष्ट सोडा. माझे केस बारीक, शर्ट पँट, आत बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचं घट्ट बनियन), आणि आधारवर जुनं नाव. बायकांच्या रांगेत उभा राहिलो की मागची मावशी म्हणणार, ओ दादा, तुमची लाईन तिकडं. पुरुषांच्या रांगेत गेलो की खिडकीतला माणूस आधार घेऊन नाव मोठ्याने वाचणार, मग माझ्याकडे बघणार, मग शेजारच्याला हाताने खुणावून दाखवणार, आणि मग विचारणार, काय होतंय? मागे अख्खी रांग कान टवकारून उभी. आता काय होतंय ते मी तिथं काय सांगू साहेब, पोट दुखतंय म्हणालो.

कसाबसा मानसोपचारला पोचलो. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, त्याला माहीतच नव्हतं. झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं, लग्न लावून द्या, आपोआप ठीक होईल. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण इथं वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना आपल्याच गावचा वाटेल. पण एक लक्षात घ्या, कुणाची जेंडर आयडेंटिटी 'बरी' करायला जाणं हे डॉक्टरसाठी गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना कळवलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत तर ट्रान्स असणं मानसिक आजारांच्या प्रकरणातच नाहीये, ती यादी २०२२ च्या १ जानेवारीपासून लागू आहे. हे ओपीडीपर्यंत कधी पोचणार? डॉक्टरकडून निघाल्यावर काकाने पुढचा पत्ता एका भगताचा दिला, लिंबू, अंगारा, सगळं झालं. जादूटोणाविरोधी कायदा आपल्याच राज्याने २०१३ मध्ये केलाय, पण आमच्या घरी तो कुणाला सुचला नाही आणि मला पण नाही.

तुम्ही म्हणाल तुम्हाला विचार करायला दवाखाना कशाला पाहिजे, घरी बसून करा की. तर टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन, सुरू केलं की काही महिन्यांत पाळी थांबते, आवाज फुटतो, आणि एकदा फुटलेला आवाज औषध बंद केलं तरी परत आधीसारखा होत नाही. दाढी यायला वर्षं जातात. हिमोग्लोबिन वाढत जातं, फार वाढलं तर रक्त घट्ट होऊन गुठळीची भीती, म्हणून ठराविक काळाने रक्त तपासावं लागतं. पुढे मूल हवं असेल तर त्याचं बोलणं इंजेक्शनच्या आधी व्हायला लागतं, नंतर नाही. हे सगळं एका बैठकीत कळत नाही, आणि कळलं तरी झोप उडते, परत येऊन परत तेच प्रश्न विचारावे लागतात. आणि हे सांगायला कुणी नसलं की पोरं काय करतात? जिममधल्या कुणाकडून इंजेक्शन घेतात. डोस त्यानेच ठरवलेला, रक्त तपासणं वगैरे काही नाही. बाइंडर घ्यायची सोय नसलेली पोरं मे महिन्यात छातीला क्रेप बँडेज आवळून कॉलेजला जातात, श्वास लागतो, बरगड्या दुखतात, आणि ते डॉक्टरला दाखवता येत नाही कारण दाखवायचं म्हणजे शर्ट काढायचा.

मला स्वतःला आधार मिळाला तो पुण्याला आल्यावर. इथं समपथिक ट्रस्ट २००२ पासून काम करतोय, मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे, आमच्यासारख्या लोकांसाठी काम करणाऱ्या अशा संस्थांमुळे शहरात थोडीफार वाट सापडते. मला भेटलेल्या एका समुपदेशक ताईंनी तर मला कधीच 'कर' म्हटलं नाही आणि 'करू नको' पण म्हटलं नाही, नुसतं विचारायच्या, आरशात बघतोस तेव्हा काय खटकतं, नोकरी गेली तर काय करशील, घरचे बोलले नाहीत तर सणाला कुठं जाशील. नंतर आईला बोलावलं. मला वाटलं आई देवाधर्माचं, लोकांचं बोलेल. आई बराच वेळ पदराचं टोक पिळत बसली आणि मग एवढंच विचारलं, म्हातारपणी याला बघणार कोण? तिने 'याला' म्हटलं ते ताईंच्या पण लक्षात आलं. त्यावर कुणीच काही बोललं नाही, ताईंनी चहा मागवला.

पण साहेब, पुणे गाठायला आधी घराबाहेर पडता यायला पाहिजे ना. ट्रान्सवुमनला घरच्यांनी काढलं तर निदान गुरू आणि घराणं असतं, त्यात पण त्रास आहेत पण डोक्यावर छप्पर असतं. आम्हाला ते पण नाही. गावाकडची पोरगी म्हणून वाढलेल्या माणसाला बाहेर सोडत नाहीत, बारावी झाली की स्थळं. तुमच्या योजनांच्या पोस्टरवर साडीतल्या तृतीयपंथी ताई असतात, ते चांगलंच आहे, पण ट्रान्समॅन नावाचा प्राणी असतो हे तालुक्याच्या दवाखान्यात सांगायला गेलं की आधी अर्धा तास त्यातच जातो.

कायदा काय म्हणतो ते तुमचे अधिकारी सांगतीलच. सुप्रीम कोर्टाने १५ एप्रिल २०१४ ला ट्रान्सजेंडर लोकांच्या हक्कांवरच्या नाल्सा निकालात सांगितलं की आपलं जेंडर आपण ठरवायचं, सर्जरीची अट घालता येणार नाही. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्याचं कलम १५ सरळ सरळ सरकारला सांगतं की हॉर्मोन थेरपी, सर्जरी आणि त्याच्या आधीचं व नंतरचं समुपदेशन उपलब्ध करा. आधीचं समुपदेशन, साहेब, हे मी माझ्या मनाचं नाही लिहिलेलं. २०२० च्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांकडून ट्रान्सजेंडर म्हणून पोर्टलवरून सर्टिफिकेट मिळायला मेडिकल तपासणीची अट ठेवली नव्हती, ही चांगली गोष्ट होती. पण त्यावर नुसतं 'पुरुष' पाहिजे असेल तर कलम ७, तिथं दवाखान्याचा दाखला लागतो. त्याच नियमांत 'वैद्यकीय हस्तक्षेप' मध्ये समुपदेशन आणि हॉर्मोन पण धरलेत, पण ऑफिसात गेलं की विचारतात ऑपरेशन झालं का? म्हणजे ज्याला सर्जरी नकोय किंवा अजून ठरलं नाहीये तो एका कागदासाठी ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार. ठरवायला वेळ द्यायचा की ढकलायचं, काय ते एक ठरवा.

नवीन बिल्डिंग नकोय. तुमच्याच खात्यात किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक आहेत, एचआयव्हीसाठी आयसीटीसीचे (तपासणी आणि समुपदेशन केंद्रांचे) समुपदेशक आहेत, ज्यांना गुप्तता ठेवायची सवय आहे. त्यातल्या प्रत्येक जिल्ह्यातल्या एकाला नीट ट्रेनिंग द्या, ट्रेनिंग द्यायला ट्रान्स माणसांनाच बोलवा आणि मानधन द्या, प्रमाणपत्र आणि गुच्छ नको. आठवड्यातून एक दुपार ठरवा, ज्या दिवशी थेट खोलीत जाता येईल, केसपेपर आतच निघेल आणि सांगू त्या नावाने हाक मारतील. १४४१६ वर टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला, फोन केला की त्यांना जवळची खोली कुठली हे माहीत पाहिजे. आईवडिलांसाठी वेगळी वेळ ठेवा. आणि जो येऊन, बोलून, शेवटी नको म्हणाला, तो पण त्या खोलीचाच पेशंट, त्याला 'बघा, फॅड होतं' म्हणायचं नाही.

पुढचं मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलांचं काम, ते तुमच्या खात्यात येत नाही हे मला कळून चुकलंय. सर्टिफिकेट सामाजिक न्यायकडे, कॉलेजं वैद्यकीय शिक्षणकडे, सिव्हिल तुमच्याकडे, आणि आम्ही तिघांच्या मधल्या पॅसेजमध्ये. सरकारी हॉस्पिटलला जमत नाही असं पण नाही, २०१८ मध्ये बीड जिल्ह्यातले पोलीस कॉन्स्टेबल ललित साळवे यांची सर्जरी मुंबईच्या सेंट जॉर्जमध्येच झाली. पण त्यांना आधी नुसत्या रजेसाठी हायकोर्टापर्यंत जावं लागलं आणि मुख्यमंत्र्यांना लक्ष घालावं लागलं, तेवढी धडपड गावातल्या पोराने कशी करायची? आयुष्मान टीजी प्लस या ट्रान्स लोकांसाठीच्या केंद्राच्या आरोग्य योजनेत वर्षाला पाच लाखांचं कव्हर २०२२ पासून जाहीर आहे, माझ्या जिल्ह्यात ते कुठल्या हॉस्पिटलात चालतं हे मला कुणी सांगू शकलं नाही. ती यादी जिल्हावार मराठीत लावा, एवढं तर उद्या होईल.

या पत्राची प्रत सामाजिक न्याय आणि वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना पण पाठवतोय. तिघांपैकी ज्यांचं उत्तर आधी येईल त्यांच्या ऑफिसला मी स्वतः यायला तयार आहे, सोबत आई पण येईल म्हणतेय, फक्त गेटवर पास करताना आधारवरचं नाव मोठ्याने वाचू नका म्हणून सांगून ठेवा.

कळावे,
आपला,
मराठवाड्यातला एक मतदार