भोपाळचा कचरा जळाला, भूजलाचे काय?

महोदय,
भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा २०२५ मध्ये पीथमपूरला नेऊन जाळला आणि प्रश्न मिटल्यासारखा सूर लागला. पण गेला तो पोत्यांत भरता आलेला कचरा. कारखान्याबाहेरच्या बाष्पीभवन तळ्यांतून झिरपलेली रसायने शेजारच्या वस्त्यांच्या भूजलात वेळोवेळी सापडली आहेत.

आता पुन्हा तपासणी व्हायची असेल तर ती हातपंपाखाली बाटली धरून होऊ नये. बोअरमध्ये साचलेले पाणी आधी उपसून टाकावे लागते. सामू, तापमान आणि विद्युतवाहकता स्थिरावल्यावरच नमुना घ्यायचा. क्लोरोफॉर्मसारखी रसायने हवेत उडून जातात. म्हणून ४० मिलिलिटरची काचेची कुपी काठोकाठ भरायची, झाकण लावल्यावर उलटी करून आत बुडबुडा नाही ना ते पाहायचे आणि बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत न्यायची. बादलीतून खळाखळा ओतलेल्या पाण्याचा अहवाल ‘स्वच्छ’ यायला कितीसा वेळ लागतो! शिवाय डायक्लोरोबेंझीनसारखी द्रव्ये पाण्याहून जड, ती तळाशी उतरतात; वरचे पाणी तपासून काय हाती लागणार? मातीतही तेच. निरनिराळ्या खोलीवरची माती एकत्र कालवली की आकडा आपोआप खाली येतो.

‘मर्यादेच्या आत’ एवढा शेरा पुरेसा नाही. नमुना किती खोलीवरून, किती उपशानंतर घेतला आणि किती तासांनी प्रयोगशाळेत पोहोचला, हेही अहवालात छापावे.

– एक वाचक, पुणे